ब्रेकचा पाइप आणि फ्लेअरचे टूल : ही काटकसर कोणाच्या जिवावर?

व्यापाराच्या या पानावर कापडाच्या माणसाने गॅरेजच्या हत्याराविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु कापड दुकानात चालत येत नाही. ते गाडीत बसून येते, आणि गाडी थांबते ती ब्रेकवर. खाप्यापासून सावनेर, सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा असा ज्यांचा माल फिरतो त्या सर्व दुकानदारांचा आणि त्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्री बांधवांचा या विषयाशी सरळ संबंध आहे. त्यातही ज्याने या बाबतीत स्वतः चूक केली आहे, त्याने गप्प बसणे बरे नव्हे. म्हणून हा लेख.

गोष्ट २००४ सालची. आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. मागची बाके काढून तिच्यात गाठी लादण्याची सोय केली होती. कन्हानच्या काठच्या आमच्या गावात हातमागाचे दिवस तेव्हा सरत आले होते. आम्ही बाहेरून सुती माल आणून आठवडी बाजारांत विकत असू. जीपच्या मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून पाझरू लागला. मोहल्ल्यातल्या मिस्त्रीने पाहिले आणि म्हणाला, "चाचा, तयार पाइप मिळत नाही, नवा बनवावा लागेल. त्याचं टूल माझ्याकडे नाही. नागपूरला बनवून आणतो, नाहीतर चांगलं टूल घ्यावं लागेल." मी भाव विचारला आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी म्हणालो, "फ्रिजवाल्याकडे आहे ना टूल? त्याचं आण आणि काम उरकून टाक." पोरगा वयाने लहान. त्याने वडीलधाऱ्याचे ऐकले.

सतराव्या दिवशी छिंदवाड्याहून परतताना सिल्लेवानीच्या घाटात ब्रेकचे पेडल एकदम खाली गेले. जीप जुनी होती, मास्टर सिलिंडर एकाच खान्याचा. त्यामुळे एक पाइप फाटला आणि चारही चाकांचा ब्रेक गेला. ड्रायव्हर हुशार होता. त्याने गिअर उतरवले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन थांबवली. क्लीनरचा हात मोडला. दरी दुसऱ्या बाजूला होती, म्हणून आज मी हे लिहू शकतो आहे. नंतर पाइप काढून पाहिला, तेव्हा त्याचे पसरवलेले तोंड कडेला उभे चिरलेले होते. लोक मिस्त्रीला बोल लावू लागले. मला मात्र ठाऊक होते की कसूर त्याच्या हाताचा कमी आणि माझ्या हिशेबाचा जास्त होता.

हे असे का झाले, ते मला नंतर नागपूरच्या एका बुजुर्ग मिस्त्रीने समजावले. त्यात आपल्या सर्वांच्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

ब्रेकच्या तेलावर किती दाब येतो याची आपल्याला कल्पना नसते. उर्दू शाळेत सायन्सच्या किताबात पास्कलचा उसूल आम्ही पाठ केला होता, पण त्याचा अर्थ पेडलवर पाय ठेवल्यावर कळतो. साधा हिशेब करून पाहा. ड्रायव्हरने पेडलवर ३० किलो जोर दिला आणि पेडलचा तरफ पाचपट असला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५० किलो जोर पडतो. सिलिंडरचा व्यास एक इंच असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे तेलावर दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो दाब आला. मोटारीच्या टायरमध्ये तो जेमतेम २ किलो असतो. आजच्या गाड्यांत बूस्टर असतो. तेथे जोरात ब्रेक मारला की हा आकडा ८० ते १०० पर्यंत सहज जातो. हा सर्व दाब पेन्सिलीपेक्षा बारीक पाइपाच्या तोंडावर येतो. ते तोंड नटाने आवळलेले असते. मधे रबर नाही, वॉशर नाही. धातूवर धातू बसूनच तेल अडते. म्हणून तोंड बनवण्याचे काम, ज्याला आपले मिस्त्री फ्लेअर मारणे म्हणतात, हे ब्रेकच्या साऱ्या कामात सर्वांत नाजूक आहे.

आता फ्रिजच्या टूलचे काय चुकते? फ्रिज आणि एसीची नळी मऊ तांब्याची असते. तिचे तोंड एकदाच, एकेरी पसरवतात. ब्रेकचा पाइप पोलादी असतो. बाजारात ज्याला बंडी पाइप म्हणतात तो तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून भट्टीत जोडलेला, म्हणजे दोन पदरी असतो. मोटारीत बहुधा ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिलिमीटरचा पाइप लागतो आणि त्याची जाडी एक मिलिमीटरही नसते, साधारण ०.७ मिलिमीटर. असे पोलाद एकेरी पसरवले की कडेला ताणून पातळ होते आणि तेथेच चिरते. म्हणून ब्रेकला दुहेरी फ्लेअर लागतो. आधी पाइपाचे तोंड फुगवायचे आणि मग ती कड आत दुमडून दोन थर एकावर एक बसवायचे. कापडाच्या माणसाला हे लगेच समजते. थानातून कापलेली कड तशीच ठेवली तर उसवते. तीच दुमडून शिवली तर वर्षानुवर्षे टिकते. मी जन्मभर गिऱ्हाइकांना दुमडीची महती सांगत आलो आणि माझ्याच गाडीच्या पाइपाला दुमड नव्हती.

मिस्त्री बांधवांनी टूल घेताना काय पाहावे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, टूल दुहेरी फ्लेअरचे आहे का? त्याच्या पेटीत पाइप धरणारी पट्टी आणि दाबणारा शंकू यांच्याबरोबर प्रत्येक मापाची एक छोटी खिळीवाली चकती असते. तिला अडॅप्टर म्हणतात. पहिल्या दाबात तोंड फुगवते ती हीच. पेटीत अडॅप्टर नसतील तर ते टूल फ्रिजचे आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट, शंकूचा कोन. मोटारीच्या दुहेरी फ्लेअरला ४५ अंशांचा कोन लागतो. ३७ अंशांचेही टूल मिळते. ते यंत्रांच्या हायड्रॉलिक जोडांसाठी असते. दोन्ही दिसायला सारखी, पण ३७ अंशांचे तोंड ४५ अंशांच्या बैठकीवर नीट बसत नाही. कितीही आवळले तरी पाझर राहतो.

तिसरी गोष्ट, गाडीत मुळात कोणता फ्लेअर आहे? अमेरिकी वळणाच्या जुन्या जीप आणि जपानी वळणाच्या गाड्या दुहेरी फ्लेअर वापरतात. युरोपी वळणाच्या अनेक गाड्यांत बुडबुड्यासारखे गोल तोंड असते. त्याला बबल फ्लेअर म्हणतात. दुहेरी फ्लेअर अर्धवट सोडला की बबल होतो, हा गैरसमज आहे. बबलची डाय वेगळी असते आणि त्याची बैठकही वेगळी. नटाचे आटेही सारखे नसतात. ३/१६ च्या पाइपावर कोठे ३/८ इंची बारीक आट्याचा नट असतो, तर कोठे १० मिलिमीटरचा. दोन्ही इतके जवळचे की चुकीचा नट एक-दोन आटे चढतो आणि मग सिलिंडरचे आटे खाऊन टाकतो. म्हणून जुना पाइप फेकण्याआधी त्याचे तोंड आणि नट निरखून पाहावेत. तोच आपला नमुना. दर्जी जुना कुर्ता समोर ठेवून नवा बेततो, तसे.

चौथी गोष्ट, पाइपाची पकड. स्वस्त टूलचा खरा दोष येथे असतो. पट्टीची दोन अर्धी अंगे पंखवाल्या नटांनी आवळतात. लोखंड नरम असले की पोलादी पाइप दाबाखाली मागे सरकतो आणि तोंड अर्धवट होते. ते सरकू नये म्हणून काही टूलांत पकडीला खोल दाते पाडलेले असतात. ते पाइपाच्या अंगावर ओरखडे काढतात आणि गंजाची सुरुवात पुढे तेथूनच होते. चांगल्या टूलची पकड कडक केलेल्या पोलादाची असते आणि ती पाइपाला चहूबाजूंनी सारखी धरते. माप तंतोतंत पाहावे. ३/१६ इंच आणि ४.७५ मिलिमीटर एकच समजा, परंतु पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ६ मिलिमीटरचा पाइप त्या भोकात घट्ट धरला जाणार नाही.

पाचवी गोष्ट, शंकू मधोमध उतरतो का? दुकानात उभ्या-उभ्या स्क्रू फिरवून पाहावा. शंकूचे टोक भोकाच्या मध्यापासून बाजूला जात असेल तर फ्लेअर एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ निघेल. असे टूल फुकट मिळाले तरी घेऊ नये. अडॅप्टरची खिळीही पाहावी. हलक्या टूलची खिळी पोलादी पाइपात दोन-चार वेळा घातली की वाकते किंवा तुटून आतच अडकते.

बाजारात टूल तीन तऱ्हांचे मिळते. पट्टी आणि स्क्रूवाले सर्वांत स्वस्त. व्हाइसमध्ये धरायचे, एका मापाची डाय आणि फिरत्या डोक्यावर दाबाचे साचे असलेले मधल्या किमतीचे. तिसरे हाताच्या पंपाने तेलाचा दाब देणारे हायड्रॉलिक. ब्रिटनच्या सायक्स-पिकव्हंटचे फ्लेअरमास्टर किंवा अमेरिकेच्या मास्टरकूलचे हायड्रॉलिक संच ही नावे या धंद्यात परिचित आहेत. मी कोणाची जाहिरात करीत नाही. खाप्यासारख्या गावात महिन्याला दोन-चार पाइप बनवणाऱ्या मिस्त्रीला हायड्रॉलिकची गरज नाही. माझ्या मते त्याने मधल्या तऱ्हेचे, ३/१६ आणि पाव इंच अशा दोनच मापांचे पण अस्सल टूल घ्यावे. दहा मापांची चकचकीत पेटी घेऊन त्यातले एकही माप धड नसावे, यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला घ्यायला गेलात तर खिशात पाइपाचे चार तुकडे ठेवावेत आणि दुकानदारासमोर दोन तोंडे मारून पाहावीत. जो दुकानदार मारून पाहू देत नाही, त्याचा माल त्यालाच लखलाभ.

टूल उत्तम असूनही काम बिघडते ते घाईने. पाइप हॅकसॉने कापू नये, पाइप कटरने कापावा. तोंड सरळ करून आतला बर काढावा आणि कीस झटकून टाकावा. नट आधी पाइपात घालावा. हे सांगायची गरज नाही असे वाटेल, पण उत्तम फ्लेअर मारून झाल्यावर नट बाहेर राहिलेला पाहून कपाळावर हात मारणारे उस्ताद मी पाहिले आहेत. पाइप पट्टीच्या वर किती ठेवायचा, तर अडॅप्टरच्या खांद्याच्या जाडीइतका. त्याहून कमी नको आणि जास्तही नको. तोंडाला ब्रेक ऑइलचा थेंब लावावा, साधे ग्रीस नव्हे, कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात. पहिले तोंड नेहमी फालतू तुकड्यावर मारावे. फ्लेअर झाल्यावर भिंगाखाली पाहावा. बारीकशी चीर दिसली, एक बाजू झुकलेली दिसली, तर कापून पुन्हा मारावा. दोन इंच पाइप वाया गेल्याने कोणी गरीब होत नाही.

आपल्याकडे चालणाऱ्या तीन वाईट सवयींविषयीही बोलले पाहिजे. पाझर थांबवण्यासाठी आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतात. ब्रेकच्या जोडात तेल आट्यांनी नव्हे, तोंडाच्या बैठकीने अडते. तेथे पट्टी लावावी लागली, याचा अर्थ फ्लेअर नापास. दुसरी सवय, फाटलेला पाइप मधे कापून नळाच्या कामासारखा रिंगवाला जोड बसवणे किंवा कथलाचा डाग देणे. तो ब्रेकचा दाब सोसत नाही. तिसरी सवय फ्रिजची तांब्याची नळी लावण्याची. ती सहज वाकते आणि तोंडही झटकन होते, म्हणून मोह पडतो. परंतु शुद्ध तांबे गाडीच्या थरथरीने कडक होत जाते आणि एक दिवस तडकते. गंजाची भीती असेल तर तांबे-निकेलचा पाइप मागवावा. त्यात सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असते. व्होल्वोसारख्या कंपनीने १९७०च्या दशकापासून तो आपल्या मोटारींना लावला. तो वाकायला नरम असून गंजत नाही.

काही जण म्हणतील, आता नव्या गाड्या आल्या, दोन खान्यांचे मास्टर सिलिंडर आले, एबीएस आले, कंपनीचा तयार पाइप मिळतो. मग टूलवर पैसे कशाला घालायचे? यात तथ्य आहे. जेथे कंपनीचा तयार पाइप मिळतो तेथे तोच लावावा, असेच मी म्हणेन. एबीएसच्या गाडीत काही वेळा हवा काढायला स्कॅनर लागतो. ते काम ज्याच्याकडे सोय आहे त्याच्याकडेच न्यावे. परंतु आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर अजून जुन्या जीप, जुने टेम्पो, जुने पिकअप धावत आहेत. सावनेरच्या कोळसा खाणी आणि आमच्या खाप्याजवळची गुमगावची मँगनीज खाण यांच्यामुळे या रस्त्यांवर जड वाहनांची ये-जा असते. त्यांच्या मधून आपल्या जुन्या गाड्या माल घेऊन जातात. त्यांचे पाइप पावसाळ्याच्या चिखलाने बाहेरून गंजतात आणि जुन्या ब्रेक ऑइलने शोषलेल्या पाण्यामुळे आतूनही गंजतात. त्यांना तयार पाइप मिळेलच असे नाही. दोन खाने असले तरी एक खाना गेल्यावर गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते, आणि भरल्या गाडीला घाटात तेवढे अंतर मिळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मिस्त्री वाईट टूल का वापरतो? त्याला कळत नाही म्हणून नव्हे. आपण गाडीमालक त्याला त्याच्या कामाचे दाम देत नाही म्हणून. टायर, सीट कव्हर, टेप यांना आपण बिनबोभाट पैसे मोजतो. ब्रेकच्या पाइपाचे नाव निघाले की घासाघीस सुरू होते, कारण तो गाडीखाली असतो आणि कोणाला दिसत नाही. आपणच त्याला खोटे काम करायला लावतो आणि अपघात झाला की त्याच्या नावाने बोटे मोडतो. मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवणे नाजायज आहे, हे आपण सर्व मानतो. मग मजुरी तोडून तोच ऐब कारागिराकडून विकत घेणे जायज कसे होईल? त्या गाडीपुढे जो पोरगा सायकलवर चालला आहे, त्याने तर या सौद्याला होकारही दिलेला नाही.

माझी सूचना साधी आहे. ज्या गावात चार-पाच गॅरेज आहेत तेथे सर्वांनी मिळून एक चांगले टूल घ्यावे. ते एकाच्या ताब्यात ठेवून वहीत नोंद करून वापरावे. तेवढेही जमत नसेल तर ज्या दुकानदाराच्या गाड्या त्या मिस्त्रीकडे जातात, त्याने टूलची रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून द्यावी आणि कामातून थोडी-थोडी वळती करून घ्यावी. यात खैरात नाही आणि उपकारही नाही. स्वतःचा माल आणि स्वतःचा ड्रायव्हर सुखरूप घरी यावा, याची ती किंमत आहे. गाडीमालकाने आणखी एक करावे. पाइप बदलल्यावर मिस्त्रीला पूर्ण जोराने पेडल दाबून मिनिटभर धरायला सांगावे आणि स्वतः वाकून प्रत्येक नटाला वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा लावून पाहावा. कागद भिजला तर गाडी हलवू नये.

त्या अपघातानंतर मी मिस्त्रीला टूल घेऊन दिले. त्याने आठ महिन्यांत पैसे फेडले. आज तो दुसऱ्या पोरांना शिकवतो, आणि पहिला धडा फालतू तुकड्यावर फ्लेअर मारण्याचा असतो. क्लीनरचा हात जुळला, पण पूर्ण सरळ झाला नाही. तो आता एका किराणा दुकानात बसतो. उजव्या हाताने तराजू उचलताना त्याला थोडे तिरपे व्हावे लागते. मी त्याच्याकडून सामान घेतो तेव्हा भाव करीत नाही.